देशातल्या क्षयजंतूंचे वंश मोजायचे असतील तर: बेडक्याच्या डबीपासून जिनोमपर्यंत

प्रश्न असा आहे: संदर्भ प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये क्षयजंतूंची तीनशे कल्चर (रुग्णांच्या नमुन्यांतून वाढवलेले जंतू) साठलेली आहेत, बरीचशी औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांची. त्यांचं टायपिंग (कुठला जंतू कुठल्या वंशाचा ते ओळखणं) करून देशात कोणते वंश किती प्रमाणात आहेत हे सांगता येईल का? आणि त्यासाठी डीएनएतल्या ठरावीक तुकड्यांची हजेरी तपासणारं स्पोलिगोटायपिंग पुरेल की पूर्ण जिनोम (जंतूचा सगळा डीएनए) वाचायला हवा?

पहिल्या भागाचं उत्तर नाही असं आहे. त्या तीनशे कल्चरवरून त्या फ्रीजरमध्ये काय आहे एवढंच कळेल. संदर्भ प्रयोगशाळेत पोचतो तो रुग्ण बहुधा आधी एकदा-दोनदा उपचार घेतलेला, शहराजवळचा आणि औषधप्रतिरोधाचा संशय असलेला असतो. वंश २ मधल्या बीजिंग कुळातल्या जंतूंचा औषधप्रतिरोधाशी संबंध अनेक देशांत दिसला आहे. त्यामुळे असा साठा मोजला की वंश २ फुगलेला दिसतो, आणि गावोगावच्या साध्या, औषधांनी बऱ्या होणाऱ्या रुग्णांमधले वंश १ किंवा वंश ३ आक्रसतात. दुसऱ्या भागाचं उत्तर थोडं लांब आहे, कारण नमुना घेण्यापासून झाड (वंशवृक्ष) काढण्यापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर एक चाळणी आहे आणि तिच्यातून सगळे स्ट्रेन (जंतूचे उपप्रकार) सारख्या प्रमाणात गळत नाहीत.

आधी मोजायचं काय ते पाहू. एच३७आरव्ही या संदर्भ स्ट्रेनचा जिनोम १९९८ मध्ये पूर्ण वाचला गेला. त्यात सुमारे ४४ लाख बेस (डीएनएची अक्षरं) आणि चार हजारांच्या आसपास जनुकं आहेत. माणसातले दोन अगदी लांबचे क्षयजंतू घेतले तरी त्यांच्यात फरक निघतो दीड-दोन हजार बेसचा. बाकीच्या बऱ्याच जंतूंमध्ये दिसते तशी जनुकांची आपसांतली देवाणघेवाण इथे जवळपास नाही. एकदा पडलेला फरक वंशात तसाच पुढे जातो आणि गळून गेलेला डीएनएचा तुकडा परत येत नाही. म्हणूनच या जंतूचं वंशवृक्ष काढणं सोपं जातं आणि एकेका बेसला इतकं वजन येतं.

माणसाशी जुळवून घेतलेले मुख्य वंश असे. वंश १ हिंदी महासागराच्या काठाने, दक्षिण भारतापासून फिलिपिन्सपर्यंत आणि पूर्व आफ्रिकेत. वंश २ पूर्व आशियात आणि माजी सोव्हिएत देशांत, बीजिंग कूळ यातलंच. वंश ३ उत्तर भारत, पाकिस्तान आणि पूर्व आफ्रिकेत. वंश ४ युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात. वंश ५ आणि ६ पश्चिम आफ्रिकेत, वंश ७ इथिओपियात. वंश ८ रवांडा आणि युगांडातल्या मोजक्या नमुन्यांवरून २०२० मध्ये नोंदला गेला, त्यानंतर पूर्व आफ्रिकेतला वंश ९. यांच्या जोडीला गुरांचा क्षयजंतू आणि दक्षिण आशियात माणसांतही सापडणारा ऑरिजिस हे प्राणिजन्य भाऊबंद आहेत. अहवाल वाचताना हमखास फसवणारी एक जागा इथेच सांगून ठेवतो. स्पोलिगोटायपिंगमध्ये 'ईएआय' म्हणजे 'ईस्ट आफ्रिकन इंडियन' असं नाव असलेलं कूळ वंश १ मध्ये मोडतं. पण जिनोमवर आधारलेल्या नामावलीत 'ईस्ट आफ्रिकन इंडियन' हे नाव वंश ३ ला दिलेलं आहे. एकाच नावाचे हे दोन वंश एकत्र बेरीज केलेले तक्ते छापून येतात. तक्त्यात नावं लिहू नका, वंशाचा क्रमांक लिहा.

आता नमुना. एखाद्या वंशाचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असेल आणि ते पाच टक्के इकडेतिकडे एवढ्या अचूकतेने हवं असेल, तर साध्या यादृच्छिक निवडीत ३२३ रुग्ण लागतात. पण देशभरातून अशी साधी निवड कुणालाच जमत नाही, केंद्रं निवडावी लागतात. एकाच केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असल्यामुळे डिझाइन इफेक्ट (नमुना किती पट वाढवायचा तो आकडा) धरावा लागतो. तो २ धरला तर ६४६. कल्चर न उगवणं आणि दूषित होणं यात १५ टक्के जातील असं मानलं तर ७६०. म्हणजे ३८ केंद्रं, प्रत्येकी २० रुग्ण. केंद्रं आदल्या वर्षीच्या नोंदीत रुग्ण ज्या प्रमाणात असतील त्या प्रमाणात निवडायची, आणि प्रत्येक केंद्रात ठरलेल्या तारखेपासून ओळीने येणारे २० रुग्ण घ्यायचे. 'चांगला बेडका' असलेले निवडून घ्यायचे नाहीत. केंद्राला ही सूट दिली की काचपट्टीवर तीन प्लस (भरपूर जंतू) असलेलेच रुग्ण येतात आणि कमी जंतू सोडणारे, लहान मुलं, एचआयव्ही असलेले गळतात. नवे रुग्ण आणि पूर्वी उपचार घेतलेले यांची नोंद वेगळी हवी. एक टक्का एवढ्याच प्रमाणात असलेला वंश किमान एकदा तरी दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर २९९ नमुने लागतात. तेव्हा शंभर नमुन्यांच्या अभ्यासात 'अमुक वंश देशात नाही' असं लिहिलेलं असेल तर ते वाक्य सोडून द्यावं.

फक्त बेडका घेतला की फुप्फुसाबाहेरचा क्षय सुटतो. न उकळलेल्या दुधातून येणारा गुरांचा जंतू मानेच्या गाठींत आणि आतड्यात जास्त दिसतो. त्याचं प्रमाण बेडक्यांवरून काढलं तर ते नेहमी कमीच येणार. गाठी आणि ऊतींचे नमुने घेणं शक्य नसेल तर अहवालाच्या शीर्षकातच 'फुप्फुसाच्या क्षयातले वंश' असं म्हणावं.

पुढची चाळणी कल्चरची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बेडका एनएएलसी (बेडका पातळ करणारं रसायन) आणि सोडियम हायड्रॉक्साइड घालून त्यातले इतर जंतू मारताना हायड्रॉक्साइडचं अंतिम प्रमाण सुमारे १ टक्का आणि वेळ १५ ते २० मिनिटं. मग ६.८ पीएचचा फॉस्फेट बफर भरून सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी वर १५ ते २० मिनिटं फिरवायचं. वेळ अर्ध्या तासावर गेली की क्षयजंतूही मरतात, आणि आधी मरतात ते कमी संख्येने असलेल्या नमुन्यांतले. उलट लांबच्या केंद्राचा डबा थंड न ठेवता चार दिवसांनी आला तर इतर जंतू इतके माजलेले असतात की हीच वेळ अपुरी पडते. दूर डोंगरातल्या, बेटांवरच्या केंद्रांचे नमुने असे दूषित होऊन बाद होतात, आणि वेगळे, जुने वंश नेमके तिथे टिकून असू शकतात. म्हणून केंद्रनिहाय दूषित होण्याचं आणि न उगवण्याचं प्रमाण वेगळ्या रकान्यात ठेवा. एखाद्या केंद्राचे ३० टक्के गेले असतील तर तिथून पुन्हा नमुने घ्या. राजधानीतले जास्तीचे नमुने भरून संख्या पूर्ण करू नका.

माध्यमही निवड करतं. ग्लिसरॉल घातलेल्या लोवेनस्टीन-जेन्सन माध्यमावर नेहमीचे क्षयजंतू तीन-चार आठवड्यांत वाढतात. गुरांच्या जंतूला ग्लिसरॉल वापरता येत नाही, त्याला पायरुव्हेट लागतं. वंश ५ आणि ६ हेही हळू वाढतात आणि पायरुव्हेटवर बरे वाढतात. नुसतं ग्लिसरॉलचं माध्यम वापरून 'आमच्याकडे हे वंश अगदी थोडे' असं सांगणारा अभ्यास स्वतःच्या माध्यमाचं वर्णन करत असतो. प्रत्येक नमुन्यासाठी तीन उतार (तिरप्या माध्यमाच्या नळ्या) लावा: दोन ग्लिसरॉलचे, एक पायरुव्हेटचा. शक्य असेल तर जोडीला द्रवमाध्यमाची नळी ४२ दिवस. घन माध्यम आठ आठवड्यांआधी निगेटिव्ह म्हणू नका. ओळख पटवताना एमपीटी६४ या क्षयजंतूच्या प्रथिनाची झटपट पट्टी निगेटिव्ह आली म्हणून नळी टाकून देऊ नका. त्या प्रथिनाच्या जनुकात ६३ बेस गळालेले खरे क्षयजंतू असतात आणि पट्टी त्यांना बिगर-क्षय मायकोबॅक्टेरिया ठरवते. अशा नळ्या दुसऱ्या चाचणीने तपासायच्या.

डीएनएसाठी एकच सुंदर कॉलनी उचलायची सवय इथे मोडावी लागते. एका रुग्णात दोन स्ट्रेन असू शकतात, एक कॉलनी उचलली की दुसरा स्ट्रेन तिथेच संपतो. उतारावरची सगळी वाढ खरवडून घ्यायची. पुन्हापुन्हा उपकल्चरही नको, त्यात जोमाने वाढणारा स्ट्रेन दुसऱ्याला मागे टाकतो. पहिल्याच वाढीचा एक भाग डीएनएला, एक भाग ग्लिसरॉल घातलेल्या माध्यमात उणे ८० अंशांवर.

सीटॅब या साबणासारख्या रसायनाने डीएनए काढण्याची पद्धत जुनी असली तरी या जंतूच्या मेणचट भिंतीला आजही तीच सर्वांत चांगली लागू पडते. भरलेले दोन लूप ४०० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये मिसळून ८० अंशांवर २० मिनिटं, हे काम जैवसुरक्षा स्तर ३ च्या प्रयोगशाळेच्या आतच. दाट गोळा आतपर्यंत तापत नाही, त्यामुळे तो फोडलेला हवा आणि नळी झाकणापर्यंत बुडालेली हवी. या तपमानाला काही जंतू वाचल्याचं नोंदलं गेलं आहे, तेव्हा आपल्या हीट ब्लॉकवर जंतू खरोखर मरतात हे पुन्हा कल्चर लावून पडताळल्याशिवाय एकही नळी बाहेर नेऊ नये. मग १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लायसोझाइमचे ५० मायक्रोलिटर घालून ३७ अंशांवर रात्रभर. सकाळी ७० मायक्रोलिटर १० टक्के एसडीएस आणि ५ मायक्रोलिटर प्रोटिनेज के, ६५ अंशांवर १० मिनिटं. त्यावर १०० मायक्रोलिटर ५ मोलर मीठ आणि १०० मायक्रोलिटर ६५ अंशांना गरम केलेलं सीटॅब-मीठ, पुन्हा १० मिनिटं. ७५० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४ ला १), फिरवून वरचा थर घ्यायचा. मधला पांढरा पापुद्रा पिपेटमध्ये आला तर पुढचं एन्झाइम चालत नाही, त्यापेक्षा ५० मायक्रोलिटर कमी घ्या. ०.६ पट आयसोप्रोपेनॉल, उणे २० अंशांवर अर्धा तास, फिरवून ७० टक्के इथेनॉलने धुवायचं. सीटॅब थंड झालं की घट्ट होतं आणि डीएनए त्यात अडकतो. कमी डीएनए आल्याच्या तक्रारींमागे बहुधा हेच असतं. मोजणी फ्लुओरेसन्सने करावी. प्रकाशशोषणाने मोजलेला आकडा आरएनएमुळे फुगतो, आणि एक नॅनोग्रॅमवर चालणाऱ्या लायब्ररी किटमध्ये (जिनोम वाचण्याआधी डीएनए तयार करणारा संच) ही चूक महागात पडते.

आता टायपिंग. स्पोलिगोटायपिंग जिनोमच्या डीआर या भागातल्या सारख्या तुकड्यांच्या मधले ४३ वेगळे तुकडे, म्हणजे स्पेसर, आहेत की नाहीत एवढंच बघतं. स्वस्त आहे, मेलेल्या जंतूवर आणि जुन्या काचपट्टीवरही चालतं. खुणा ठळक आहेत: १ ते ३४ गायब असतील तर बीजिंग, ४ ते ७ आणि २३ ते ३४ गायब असतील तर वंश ३ चा नेहमीचा नमुना, २९ ते ३२ आणि ३४ गायब असतील तर वंश १, ३३ ते ३६ गायब असतील तर वंश ४. मुख्य वंशांची ढोबळ शिरगणती हवी असेल तर एवढं पुरतं. मात्र स्पेसर वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे गळू शकतात, म्हणून सारखा नमुना म्हणजे जवळचं नातं असं नाही. 'टी' नावाचं कूळ तर बाकी कुठे न बसणाऱ्या वंश ४ च्या जंतूंची पेटी आहे. त्यावरून उत्क्रांतीचे निष्कर्ष काढू नयेत. पुसट ठिपके दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचे आणि मतभेद झाला तर प्रयोग पुन्हा करायचा.

२४ जागी डीएनएचा तुकडा किती वेळा पुन्हा येतो ते मोजणारं मिरू-व्हीएनटीआर याहून बारीक विभागणी करतं. त्यात एकाच जागी दोन आकार दिसले तर ते रुग्णाच्या शरीरातच झालेल्या बदलाचं लक्षण असू शकतं. दोन किंवा जास्त जागी दिसले तर मिश्र संसर्ग धरावा किंवा नळ्या मिसळल्या का ते बघावं. बीजिंग कुळासाठी मात्र २४ जागा कमी पडतात, न भेटलेले रुग्णही एकाच गटात येतात. जिनोममध्ये उड्या मारणाऱ्या आयएस६११० या डीएनए-घटकाच्या जागा बघणारी आरएफएलपी पद्धत एके काळी मानदंड होती, पण त्या घटकाच्या पाचपेक्षा कमी प्रती असलेल्या स्ट्रेनमध्ये ती भेद करत नाही. दक्षिण भारतात तर एकच प्रत असलेले किंवा मुळीच नसलेले जंतू पुष्कळ आहेत.

नवा अभ्यास सुरू करत असाल आणि पैसे एकदाच मिळणार असतील तर पूर्ण जिनोम वाचा. माझं मत इतकं स्पष्ट असण्याचं कारण असं, की वंश, औषधप्रतिरोध आणि संसर्गाचे गट हे तिन्ही एकाच डेटातून निघतात आणि दहा वर्षांनीही नव्या प्रश्नासाठी तोच डेटा उघडता येतो. पैसे कमी असतील तर सगळ्यांचं स्पोलिगोटायपिंग करून त्यातून ठरलेल्या नियमाने निवडलेल्यांचा जिनोम. 'मनोरंजक वाटले' म्हणून निवडलेल्यांचा नको.

प्रत्येक बॅचमध्ये एक रिकामी नळी आणि एक एच३७आरव्ही ठेवा. एच३७आरव्ही संदर्भापासून मोजक्या बेसपलीकडे गेला तर ती बॅच थांबवा. सरासरी खोली (प्रत्येक बेस किती वेळा वाचला) ४० पट तरी हवी, आणि किमान ९५ टक्के जिनोम दहा वेळा वाचलेला हवा. हे न पाळणारे नमुने झाडात घेऊ नयेत, कारण सातशे नमुन्यांत सर्वांमध्ये वाचलेल्याच जागा ठेवायच्या म्हटलं तर एक वाईट नमुना सगळ्यांच्या जागा खातो.

विश्लेषणाआधी क्राकेनसारख्या साधनाने परके रीड (यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) काढून टाका. ही पायरी वगळली तर बेडक्यातल्या इतर मायकोबॅक्टेरियांचे तुकडे रायबोसोमच्या जनुकांवर आणि आरपीओबी (रिफाम्पिसिन या औषधाचं लक्ष्य असलेलं जनुक) यावर बसतात आणि खोटी म्युटेशनं दिसतात, तीही नेमकी औषधप्रतिरोधाच्या जागी. मग बीडब्ल्यूए या प्रोग्रॅमने रीड संदर्भावर बसवणं, किमान १० रीड, ९० टक्क्यांहून जास्त सहमती. पीई-पीपीई कुळातली जनुकं जिनोमचा सुमारे दहावा हिस्सा व्यापतात. ती इतकी पुनरावृत्त आहेत की छोट्या रीडने वाचता येत नाहीत, ती झाकायची. झाड काढताना औषधप्रतिरोधाच्या जागाही वगळायच्या, कारण त्या वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हापुन्हा बदलतात आणि अनोळखी स्ट्रेनना एकत्र ओढतात. फक्त बदललेल्या जागांवरून झाड काढत असाल तर तशी दुरुस्ती मॉडेलमध्ये सांगायला विसरू नका, नाहीतर फांद्या अवास्तव लांब येतात. मिश्र संसर्ग पकडायचा असेल तर ९० टक्क्यांची अट लावण्याआधी वंशदर्शक जागा बघा. वंश ३ च्या खुणा ८० टक्के आणि वंश २ च्या २० टक्के असं दिसलं की तिथे दोन जंतू आहेत, किंवा शेजारची नळी सांडली आहे.

संदर्भ स्ट्रेन स्वतः वंश ४ चा आहे, याचाही त्रास होतो. टीबीडी१ हा तुकडा वंश १ मध्ये शाबूत असतो आणि एच३७आरव्हीमध्ये गळालेला आहे. जे संदर्भातच नाही ते त्याच्यावर रीड बसवून कधीच दिसणार नाही. कॅटजी जनुकाच्या ४६३ व्या आणि जायरए जनुकाच्या ९५ व्या जागचा फरकही असाच. बहुतेक वंशांत एक अमिनो आम्ल आहे आणि वेगळा आहे तो एच३७आरव्ही. या दोन जागा औषधप्रतिरोध म्हणून मोजल्या तर वंश १, २ आणि ३ चे सगळेच रुग्ण आयसोनियाझिड आणि फ्लुओरोक्विनोलोनला दाद न देणारे ठरतील. जागतिक आरोग्य संघटनेची म्युटेशनची यादी (पहिली २०२१, दुसरी २०२३) वापरा, स्वतः यादी बनवू नका.

संसर्गाचे गट करताना पाच बेसपर्यंतचा फरक म्हणजे अलीकडचा संसर्ग संभवतो, बाराच्या पुढे बहुधा नाही, असे उंबरठे प्रचलित आहेत. जंतू वर्षाला सरासरी अर्ध्या बेसच्या आसपास किंवा त्याहून कमी बदलतो, म्हणून शून्य फरक असला तरी कुणाकडून कुणाला गेला हे जिनोम सांगत नाही. अलीकडच्या संसर्गाचं प्रमाण गटातल्या रुग्णांमधून गटांची संख्या वजा करून, एकूण रुग्णांनी भागून काढतात. २०० रुग्णांपैकी ८० जण २५ गटांत असतील तर ८० उणे २५, भागिले २००, म्हणजे २७.५ टक्के. पण देशातल्या रुग्णांपैकी दोन टक्केच घेतले असतील तर साखळीतले बाकीचे रुग्ण नमुन्याबाहेर राहतात आणि हा आकडा खूप खाली येतो. राष्ट्रीय सर्वेक्षणावरून संसर्गाचा दर सांगू नये. त्यासाठी एक-दोन जिल्हे घेऊन तिथले सगळे रुग्ण दोन-तीन वर्षं घ्यावे लागतात. प्रांतांची तुलना करतानाही नमुन्यांची संख्या सारखी करून घ्या, नाहीतर जास्त नमुने तिथे जास्त वैविध्य असंच दिसणार.

या सगळ्या खटाटोपाने रुग्णाचं काय भलं होतं, असा प्रश्न पुढे येतोच. एस्वातिनीचं उदाहरण पाहा. तिथल्या २००९ च्या औषधप्रतिरोध सर्वेक्षणातल्या बहुऔषधप्रतिरोधी जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये आरपीओबीच्या ४९१ व्या जागी बदल होता. झटपट जनुकीय चाचणी ४२६ ते ४५२ या जागांच्या (प्रत्येक जागेला तीन बेस) एवढ्याच ८१ बेसच्या पट्ट्यात बघते. हे रुग्ण तिला रिफाम्पिसिनला दाद देणारे वाटत होते आणि चुकीचे उपचार घेत होते. अशा ठिकाणी देशात पसरलेलं एखादं घराणं चाचणीच्या नजरेबाहेर वाढत राहतं, आणि ते सापडतं फक्त चाचणीने निवडलेले नसलेल्या रुग्णांचे जिनोम वाचले तर.

त्या तीनशे कल्चरचा उपयोग इथेच आहे. त्यांच्यावर झटपट चाचणी, माध्यमातली औषधचाचणी आणि जिनोम हे तिन्ही लावा आणि जिथे उत्तरं जुळत नाहीत त्या नळ्या बाजूला काढा. हाताशी असलेल्या चाचणीच्या पट्ट्याबाहेर बदल असलेले स्ट्रेन किती आहेत आणि ते एकाच घराण्यातले आहेत का, हे पुढच्या सर्वेक्षणाची केंद्रं ठरवण्याआधी कळेल. अहवालावर 'संदर्भ प्रयोगशाळेकडे आलेले, मुख्यतः औषधप्रतिरोधी नमुने' असं पहिल्या ओळीत लिहा आणि त्यातले वंशांचे टक्के देशाच्या नकाशावर रंगवू नका.